बांधावरची झाडं, भाग ९ : चिंचोक्याचा हिशेब

चिंचेच्या फुलांची आणि कोवळ्या पाल्याची भाजी आज सांगायची होती, ती पुढच्या आठवड्यात. कळंबच्या एका वाचकांच्या पत्राने या भागाची सगळी जागा घेतली आहे. बांधावरच्या दोन जुन्या चिंचा तोडून लाकूड विकावं, असं त्यांच्या घरात चाललं आहे. झोडपणीची आणि फोडणीची मजुरी वजा जाता हाती काही उरत नाही, मग झाड ठेवायचं कशाला, असं ते विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण त्यांनी मांडलेल्या हिशेबात चिंचोका कुठेच नाही. पिकल्या चिंचेच्या वजनात साधारण ५५ टक्के गर, ३४ टक्के चिंचोके आणि बाकी टरफल व शिरा असतात. मोठ्या झाडाने दीड क्विंटल चिंच दिली, तर त्यात पन्नास किलो चिंचोके आले. मालाचा तिसरा हिस्सा जमेस न धरता झाडाला तोट्यात काढणं मला मान्य नाही.

आपल्या माळरानांवर मेंढरं राखणाऱ्यांनी हा हिस्सा कधीच वाया घालवला नाही. दख्खनी मेंढीची लोकर आखूड आणि भरड, तिचं सूत मागावर तुटतं, उसवतं. म्हणून सनगर आणि खुटेकर धनगर विणकर चिंचोके भाजून साल काढतात, भिजवून वाटतात, शिजवून त्याची खळ करतात आणि ताण्याला चोपडतात. नव्या घोंगडीचा ताठपणा येतो तो या खळीतून. सावंतवाडीच्या गंजिफांच्या पानांवर रंग चढण्याआधी हीच खळ बसते. धान्याच्या खळीहून हिचा गुण निराळा, कारण चिंचोक्याच्या गाभ्यात नेहमीचं स्टार्च नसून झायलोग्लुकन नावाची शर्करासाखळी असते आणि थोडं पीठही गरम पाण्यात दाट लगदा देतं. घोष आणि कृष्णा या भारतीय शास्त्रज्ञांनी १९४२ मध्ये या गाभ्यात ४६ ते ४८ टक्के जेलीसारखा घट्ट होणारा पदार्थ असल्याचं दाखवलं. महायुद्धाचे दिवस होते, धान्याची ओढ होती, आणि लवकरच चिंचोक्याचं पीठ कापडगिरण्यांत सुताला लागू लागलं. विणकराच्या हाताला जे ठाऊक होतं, त्याचं कारण प्रयोगशाळेला इतक्या उशिरा सापडलं!

यावर कोणी म्हणेल, घोंगडी मागे पडली, गिरण्यांचे भोंगे थांबले, आता खळ हवी कोणाला? मागणी संपलेली नाही, तिची ठिकाणं बदलली आहेत. तागाच्या सुताला आणि कापडावरच्या छपाईच्या रंगाला हे पीठ आजही लागतं. जपानमध्ये ते शुद्ध करून खाण्याच्या पदार्थांना दाटपणा आणायला वापरतात. कोरड्या डोळ्यांसाठीच्या काही थेंबांतही चिंचोक्याचा हाच घटक असतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: गराच्या मानाने चिंचोक्याला भाव फार कमी मिळतो. खरंच आहे, आणि एकट्या चिंचोक्यावर कोणाचं घर चालणार नाही. पण गर पावसाळ्याच्या दमटपणात काळा पडतो, म्हणून शीतगृहाची सोय नसलेल्या शेतकऱ्याला तो उन्हाळ्यातच, येईल त्या भावाला द्यावा लागतो. चिंचोका कडकडीत वाळवला आणि भुंग्यापासून जपला, तर थांबू शकतो. शिवाय भाजून साल काढायचं काम गावातच झालं, तर ती मजुरीही गावातच राहते.

तेव्हा कळंबच्या वाचकांनी यंदा फोडणीनंतर चिंचोके वेगळे तोलावेत, दोन-तीन ठिकाणी भाव विचारावा आणि मग लाकडाच्या किमतीशी ताळा घालावा. त्या ताळ्यात आणखी एक रक्कम धरायला हवी. चिंचोक्यापासून वाढवलेलं झाड फळाला यायला आठ-दहा वर्षं घेतं. छत्रपती संभाजीनगरच्या हिमायतबागेतल्या फळ संशोधन केंद्राने निवडलेल्या ‘प्रतिष्ठान’सारख्या जातीचं कलम लावलं, तर फळ बरंच आधी दिसेल, पण दीड क्विंटल देणारा घेर धरायला त्यालाही पुष्कळ वर्षं लागतील. तेवढ्या वर्षांचं बुडणारं उत्पन्न लाकडाच्या पैशातून वजा करून पाहावं.