गावभराचा हापसा

शाळेच्या आवारात, मारुतीच्या देवळामागे किंवा वस्तीच्या तोंडाशी सिमेंटच्या ओट्यावर उभा असलेला हापसा महाराष्ट्रात सगळ्यांनी पाहिलेला आहे. चौकोनी पोलादी डोकं, लांब भरीव दांडा, पुढे वाकलेली तोटी. सरकारी कागदांत आणि जगभरच्या पाणी-अभियंत्यांत त्याचं नाव ‘इंडिया मार्क टू’. १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत असे सुमारे पन्नास लाख पंप तयार होऊन जगभर बसवले गेले होते, आणि जगात सर्वांत जास्त वापरला गेलेला हातपंप म्हणून तो ओळखला जातो. त्याचं मूळ घराणं जालना आणि सोलापूरचं आहे. हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असतं, आणि त्याची मला खंत वाटते. चारचौघांच्या रोजच्या अडचणीसाठी अभियांत्रिकीचं संशोधन कसं करावं, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

१९६६-६७मध्ये बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशात भीषण दुष्काळ पडला. तेव्हा युनिसेफने दाबाच्या हवेवर चालणारी विंधनयंत्रं भारतात आणली. कातळात सुरुंग लावत विहीर खणायची तर महिनोन् महिने जात. ही यंत्रं तसल्याच कातळात चार-सहा इंच व्यासाचं भोक एखाद्या दिवसात खोलवर नेत. दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी असतं ते फटींत, सांध्यांत आणि झिजलेल्या थरांत. उन्हाळ्यात आड आटला तरी त्याखालच्या फटींत ते शिल्लक असू शकतं. पुढे ७२च्या दुष्काळाने महाराष्ट्र होरपळला आणि विंधण विहिरींची निकड आणखी वाढली. पाणी सापडत होतं, प्रश्न होता ते वर काढण्याचा.

भोकं पाडून झाली की त्यांवर बिडाचे पंप बसत. युरोप-अमेरिकेतल्या शेतघरांसाठी बनलेल्या पंपांच्या त्या नकला होत्या. १९७४च्या सुमारास युनिसेफने पाहणी केली, तेव्हा दर चार पंपांतले जवळपास तीन बंद आढळले. लाखो रुपयांची भोकं पडून होती आणि बाया पुन्हा जुन्या गढूळ डबक्यावर जात होत्या. त्या वेळी दोष गावकऱ्यांना दिला जाई: लोक निष्काळजी आहेत, पोरं दांड्याला लोंबकळतात, सरकारी वस्तूची कुणाला कदर नाही. हिशेब मांडला असता तर हा आरोप टिकला नसता.

तो हिशेब असा. आपल्याकडे पुढे जो सरकारी निकष ठरला, त्यानुसार एका हातपंपावर अडीचशे माणसं आणि दर माणशी दिवसाला ४० लिटर पाणी. म्हणजे रोज दहा हजार लिटर. मार्क टूच्या सिलिंडरचा व्यास ६३.५ मिलिमीटर, दट्ट्याची धाव १२५ मिलिमीटर. एका हापशात जेमतेम ४०० मिलिलिटर पाणी येतं. तेव्हा दहा हजार लिटरसाठी दांडा दिवसाला पंचवीस हजार वेळा खाली-वर व्हायला हवा, वर्षाला नव्वद लाख वेळा. मिनिटाला चाळीस हापसे धरले तरी रोजचे दहा तास होतात. शेतघरातलं एक कुटुंब दिवसाकाठी दोन-चार बादल्या काढतं, त्याच्या बेताचा पंप अख्ख्या गावाच्या हाती दिला होता. तो मोडला नसता तरच नवल.

हे पहिल्यांदा उमगलं ते ज्यांना पंप पुन्हा पुन्हा उपसून दुरुस्त करावे लागत त्यांना. मराठवाड्यात आणि सोलापूर भागात मिशनच्या मंडळींनी विंधण विहिरींचं काम हाती घेतलं होतं. भोक त्यांनीच पाडायचं, पंप त्यांनीच बसवायचा, आणि तो बंद पडला की गावकरी त्यांच्याच दारात येणार. जालन्याच्या कार्यशाळेत बिडाचं डोकं टाकून देऊन पोलादी पत्रे जोडून नवं डोकं बनवलं गेलं. जुन्या पंपांत दांड्याला तीन-तीन सांधे असत आणि प्रत्येक सांध्याची पिन झिजे. जालन्याच्या पंपात सांधा एकच ठेवला. सोलापूर वेल सर्व्हिसमध्ये, ऑस्कर कार्लसन यांच्या कामातून, ही कल्पना आणखी पुढे गेली आणि त्या काळातला सर्वांत दणकट हातपंप तिथे तयार झाला. ना प्रयोगशाळा, ना शोधनिबंध. वेल्डिंगची ठिणगी, लेथ, आणि गावाहून परत आलेले मोडके भाग, एवढंच भांडवल.

सोलापूरच्या पंपातली साखळी मला या यंत्राचा प्राण वाटते. दांडा एका बिंदूभोवती फिरतो, म्हणून त्याचं टोक वर्तुळाच्या कमानीत हलतं. खालच्या सळईला मात्र सरळ उभं वर-खाली जायचं असतं. जुन्या पंपांत हा मेळ बसवायला जादा सांधे घालत, आणि तरी सळई आडवी ओढली जाऊन झिजे, वाके, तुटे. सोलापूरच्या पंपात दांड्याच्या आतल्या टोकाला वर्तुळाच्या पाव भागासारखी एक कमान जोडली आणि तिच्यावरून मोटारसायकलला असते तशी साखळी सोडून सळई टांगली. साखळी कमानीवर गुंडाळली जाते, उलगडते, आणि कमानीवरून सुटणारा तिचा भाग नेहमी एकाच उभ्या रेषेत राहतो. सळई सरळच ओढली जाते. साखळी ढकलू शकत नाही, फक्त ओढू शकते. म्हणून खाली जाताना सळई स्वतःच्या वजनाने उतरते. विहीर उथळ असेल तर सळयांचं वजन कमी पडतं आणि साखळी सैल होते. ही त्या रचनेची मर्यादाही तिच्याच तत्त्वातून आलेली आहे.

पाणी ३० मीटर खोल असेल तर दट्ट्यावर पाण्याचा भार सुमारे ९५ किलो, आणि १२ मिलिमीटर जाडीच्या सळयांचं वजन आणखी पंचवीसेक किलो. एवढा भार नऊ-दहा वर्षांची मुलगी उचलते, कारण दांड्याचं प्रमाण आठास एक आहे. हातावर येतात पंधराएक किलो. दांडा पोकळ नळीचा न करता भरीव पोलादाचा ठेवला आहे, तोही मुद्दाम. त्याच्या स्वतःच्या वजनाने सळयांचा भार बराचसा तोलला जातो.

१९७०च्या दशकाच्या मध्यात केंद्र सरकार, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी सोलापूरचा पंप आधाराला घेऊन देशभर चालेल असा पंप घडवायचं ठरवलं. मद्रासची ‘मेराडो’ ही सरकारी यांत्रिकी संशोधन संस्था त्यात होती. मुंबईत १८५८मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे सरकारच्या ताब्यात गेलेल्या रिचर्डसन अँड क्रुडास कंपनीचा मद्रासचा कारखाना पंप बनवणार होता. त्यांनी अटी ठरवल्या: किंमत दोनशे डॉलरच्या आत, किमान एक वर्ष बिघाड नको, आणि साध्या कारखान्यात बनवता यायला हवा. मला या अटी फार शहाणपणाच्या वाटतात. ‘उत्तमातला उत्तम पंप’ असं ध्येय ठेवलं असतं तर कागदावर काहीतरी देखणं उतरलं असतं आणि गावापर्यंत पोचलंच नसतं.

मग १९७६-७७मध्ये कोइंबतूर भागात चाचण्या झाल्या. तिथे पाणी खोल आणि पंपांभोवती गर्दी मोठी, म्हणजे यंत्राची सगळ्यांत कठोर परीक्षा. सोलापूरच्या मूळ आराखड्यात जे बदल झाले ते बघायला किरकोळ वाटतात. पंपाचा खालचा खांब इतका रुंद केला की तो विंधण विहिरीच्या तोंडाच्या नळीला आवळून न बसता तिला पोटात घेऊन ओट्यात रुतून बसतो. त्यामुळे पंपाचे धक्के नळीला बसत नाहीत आणि ओट्यावरचं सांडपाणी परत आत झिरपत नाही. दांड्याच्या आसाला तेल-वंगण न मागणारे बंद बेअरिंग आले. १९७७-७८पासून मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झालं.

पुढची पायरी सगळ्यांत कमी बोलली जाते. या पंपाचं पेटंट कुणी घेतलं नाही. १९७९मध्ये त्याचं भारतीय मानक निघालं, आयएस ९३०१. त्यात प्रत्येक भागाचं माप, धातू, जस्ताचा मुलामा, वेल्डिंग, कितपत उणंअधिक चालेल, सगळं लिहिलं. ज्याची तयारी असेल त्याने मानकानुसार पंप बनवावा. युनिसेफने मात्र खरेदीआधी कारखाने तपासून घेण्याची आणि प्रत्येक खेप पारखण्याची शिस्त लावली. क्राउन एजंट्स या संस्थेकडे ते काम दिलं. त्यामुळे एका कारखान्याची साखळी दुसऱ्याच्या डोक्यात बसते, एकाचा वॉशर दुसऱ्याच्या सिलिंडरला चालतो. आराखडा खुला ठेवला आणि दर्जावर पहारा ठेवला, तेव्हा कारखान्यांत स्पर्धा झाली, किंमत आटोक्यात राहिली आणि सुटे भाग मिळत राहिले. जिथे हा पहारा सुटला तिथे पातळ पत्र्याचे, कच्च्या मुलाम्याचे पंप आले आणि लवकर गंजले. चांगलं यंत्र शोधून काढण्याइतकंच ते हजारो वेळा सारखं बनवणं अवघड असतं.

या पंपाने काय साधलं याचं मोजमाप लिटरमध्ये करून पुरत नाही. जुन्या पिढीला नारू आठवत असेल. पायातून हळूहळू बाहेर येणारा तो जंत काडीला गुंडाळून दिवसेंदिवस ओढत काढावा लागे. त्याचं चक्र पायऱ्यांच्या विहिरींवर चाले. नारू झालेला माणूस पाण्यात उतरला की अळ्या पाण्यात जात, बारीक जलकीटक त्या गिळत, आणि तेच पाणी प्यालं की रोग पुढच्या माणसाकडे. बंद विंधण विहिरीत कुणाचा पाय बुडू शकत नाही. पाणी गाळून पिण्याच्या शिकवणीबरोबर, पायऱ्यांच्या विहिरी बुजवण्या-बदलण्याबरोबर हापशाने हे चक्र तोडायला मोठा हात दिला. १९९६मध्ये राजस्थानात शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि २०००मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला.

यंत्राची उणीव होती ती दुरुस्तीत. सर्वांत आधी झिजे तो सिलिंडरमधला कातडी वॉशर, काही रुपयांचा. तो बदलायला ३० मीटरच्या विहिरीतून तीन-तीन मीटरचे दहा लोखंडी पाइप, आतल्या सळयांसह, वर ओढावे लागत. त्याला तिकाटणं, चेन, चार-पाच माणसं आणि गाडी लागे, म्हणजे तालुक्याच्या पथकाची वाट पाहणं आलं. गावातला मदतनीस, तालुक्याचा मेकॅनिक, जिल्ह्याचं फिरतं पथक अशी तीन पायऱ्यांची व्यवस्था यातूनच उभी राहिली. राजस्थानात तिलोनियाच्या सामाजिक कार्य व संशोधन केंद्राने गावातल्याच तरुणांना, पुढे बायकांनाही, हातपंप मिस्त्री म्हणून तयार केलं. पाण्याच्या खेपा जिच्या माथी, तिच्याच हाती पाना असावा, ही साधी गोष्ट समजायला आपल्याला इतकी वर्षं का लागली असतील?

अभियंतेही थांबले नाहीत. १९८०च्या दशकात कोइंबतूरलाच पुन्हा चाचण्या झाल्या, आणि कातड्याऐवजी नायट्राइल रबराचा वॉशर कितीतरी जास्त टिकतो हे दिसलं. त्यातून ‘मार्क थ्री’ आला. त्याचा पाइप इतका रुंद, की पाइप न काढता दट्ट्या त्यातूनच वर घेता येतो आणि दोन माणसांत काम उरकतं. रुंद पाइप महाग पडतो, म्हणून तो मार्क टूची जागा पूर्ण घेऊ शकला नाही.

आफ्रिकेत वेगळाच शत्रू भेटला. तिथल्या बऱ्याच भागांत भूजल आम्लधर्मी आहे. जस्ताचा मुलामा खाऊन ते लोखंडाला लागतं. पाणी तांबूस होतं, कपड्यांवर डाग पडतात, भात रंग धरतो, आणि लोक पंप सोडून पुन्हा ओढ्यावर जातात. अशा ठिकाणी स्टेनलेस पोलादाचे किंवा प्लास्टिकचे पाइप लागतात. युगांडाने आपल्या गरजेप्रमाणे फेरफार करून ‘यू टू’ नावाने हाच पंप स्वतःचा केला.

आपल्याकडे आता पंप धड असतो आणि पाणी खाली गेलेलं असतं. शेजारच्या शेतातल्या दोनशे मीटर खोल बोअरपुढे ५० मीटरच्या आतलं पाणी उचलणारा हापसा काय करणार? महाराष्ट्राने १९९३मध्ये कायदा करून सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला बंदी घातली. कायदा चांगला होता. तो पाळला गेला असता तर मार्चमध्ये कोरडे पडणारे कितीतरी हापसे आज वाहते दिसले असते. यवतमाळ-चंद्रपूरच्या काही गावांत पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथे पंप कितीही उत्तम असला तरी पाणी तपासल्याशिवाय पिऊ नये.

नळयोजना आल्यावर हापसे उपसून टाकायची घाई काही ठिकाणी होते, ती मला चुकीची वाटते. महाराष्ट्राच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने दुहेरी पंपाची योजना राबवली आहे, ती याहून समंजस आहे. एकाच विंधण विहिरीत सौर ऊर्जेवर चालणारा पाणबुडी पंप खाली सोडायचा, त्याचं पाणी टाकीत चढवून नळाने वस्तीला द्यायचं, आणि वरचा हातपंप जागच्या जागी चालू ठेवायचा. पावसाळ्यात आठ-आठ दिवस ऊन पडत नाही, कधी मोटार जळते, कधी वायर चोरीला जाते. तेव्हा दांडा हाती घ्यायचा आणि हापसायचं.