एका फटक्याचा दंड

पहाटे ५.१५
डिसेंबरातलं पुणं. दव इतकं, की दहा पावलांत बूट ओले झाले. गोल्फच्या मैदानाचे हेडमाळी, ज्यांना सगळे मामाच म्हणतात, होल कापायचं नळकांडं खांद्यावर घेऊन पुढं. माझ्या हातात आजच्या अठरा जागांचा कागद. होलचा व्यास १०८ मिलिमीटर. देशात कुठंही खेळा, तेवढाच. "मॅडम, सातव्याला इथं नको. उतार आहे, बॉल थांबायचा नाही," मामा म्हणाले. मी बॉल घरंगळवून पाहिला. नाहीच थांबला. जागा तीन पावलं सरकवली.

६.३०
हद्दीचे पांढरे खुंट, पाण्याजवळचे लाल-पिवळे खुंट मोजून झाले. रात्री पाइप फुटून चिखल झालेल्या जागेभोवती पांढरी रेघ मारली. तिथं बॉल गेला तर उचलून बाजूला टाकायची मुभा, दंड नाही. ही ज्युनिअरांची स्पर्धा इंडियन गोल्फ युनियनच्या कार्यक्रमातली, आणि मी इथं रेफरी. युनियन १९५५ साली स्थापन झाली, पण राष्ट्रीय हौशी स्पर्धा तिच्याहून कितीतरी जुनी, १८९२ ची, कोलकात्याची. खेळ आधी होताच. सगळ्यांना एकच नियम आणि एकच माप असावं, यासाठी संस्था लागली.

७.२०
पहिली टी. बॅगेत चौदापेक्षा जास्त क्लब नकोत, म्हणून प्रत्येकानं पुन्हा मोजायचे. थंडीनं बोटं आखडलेली, तरी कुणी हातमोजा काढून मला "गुड मॉर्निंग मॅम" म्हणायला विसरत नाही.

९.४०
अकराव्या होलवरून एका मुलानं हात वर करून बोलावलं. तेरा-चौदा वर्षांचा. बॉल रफमध्ये, झाडाखाली. "मॅम, बॉलशेजारचं वाळलेलं पान उचललं, आणि बॉल हलला."
"किती?"
"एवढासा." त्यानं बोटाचं एक पेर दाखवलं.
बरोबरचे दोघं पलीकडच्या बंकरपाशी होते, कॅडी कुणाकडेच नव्हता. पाहिलं असेल तर त्या झाडानं. पान काढायला परवानगी आहे, पण त्यापायी बॉल हलला तर एका फटक्याचा दंड, आणि बॉल परत मूळ जागी. हेच ग्रीनवर घडलं असतं तर दंड नव्हता. मी हे सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला, पण वाद नाही. बॉल जागेवर ठेवला आणि खेळला.

अठरा होल, शंभराच्या आसपास मुलं, आम्ही रेफरी मोजून चार. प्रत्येक बॉलमागे माणूस उभा करता येत नाही, करायचाही नाही. गोल्फचा पहिला पंच खेळाडू स्वतः. आमचं काम इतकंच, की त्यानं खरं सांगितल्यावर त्याला मिळणारा निकाल पुण्यात, दिल्लीत आणि सेंट अँड्र्यूजला एकच असावा. माझ्या लेखी युनियनचं याहून मोठं काम नाही.

दुपारी १२.४५
स्कोअरकार्डांचं टेबल. दिवसातला सर्वांत जोखमीचा तास. मी प्रत्येकाला सांगते, "एकेक होल बघ, घाई नको. बेरीज आमची जबाबदारी, होलचे आकडे तुझे." पाचाच्या जागी चार लिहून सही केली आणि कार्ड दिलं, तर मूल स्पर्धेतून बाद. चाराच्या जागी पाच लिहिलं, तर पाचच कायम. आज दोघांच्या चुका सहीआधीच सापडल्या. अकराव्याच्या रकान्यात त्या मुलाचा सहा होता. दंडासकट.

३.००
एक वडील आले. मुलाला एका खासगी स्पर्धेत रोख बक्षीस मिळणार आहे, घ्यावं का? पूर्वी याचं उत्तर थेट 'नाही' होतं. २०२२ पासून हौशी खेळाडूला रोख घेता येतं, पण ७०० पौंडांच्या किंवा १,००० डॉलरच्या मर्यादेत, आणि फक्त हॅंडिकॅप नसलेल्या स्पर्धेत. मर्यादा ओलांडली की हौशीपण गेलं. मी त्यांना म्हटलं, "चेक घ्यायच्या आधी विचारलंत, फार बरं केलंत."

४.१५
हॅंडिकॅपची कामं. शेवटच्या वीस फेऱ्यांतल्या उत्तम आठांची सरासरी, २०२० पासून जगभर हीच पद्धत. मैदान जितकं अवघड (स्लोप आणि रेटिंग ही त्याचीच मापं), तितके सवलतीचे फटके जास्त मिळतात: १८.० हॅंडिकॅपच्या खेळाडूला १२५ स्लोपच्या, ७१ रेटिंगच्या, पार ७२ च्या मैदानावर एकोणीस. म्हणूनच नाशिकचा आजोबा आणि परदेशातली नात बरोबरीनं खेळू शकतात.

६.००
निकाल पाठवले. हौशींची जागतिक क्रमवारी अशाच निकालांवर उभी राहते, आणि १९५८ पासून चालत आलेल्या आयझेनहॉवर ट्रॉफीसाठी देशाचे तिघं निवडणारेही असेच आकडे समोर ठेवतात.

रात्री ८.३०
उद्याच्या जोड्या लावून झाल्या. मामांना फोन केला.
"अकराव्याला डावीकडं घेऊ, मॅडम. आणि ती झाडाखालची पानं पहाटेच झाडून टाकतो."
"ग्रीनवरची तेवढी झाडा, मामा. झाडाखालची असू द्या."