बिबट्या, वनविभाग आणि देवळाली कॅम्प : गैरसमज आणि वस्तुस्थिती

देवळाली कॅम्पच्या एका अंगाला स्कूल ऑफ आर्टिलरीचा मोकळा गवताळ माळ आहे, दुसऱ्या अंगाला दारणेच्या पाण्यावर पोसलेला ऊस. मधे झाडीतले जुने बंगले, सॅनेटोरियम, बाजारपेठ आणि वस्त्या. बिबट्याला लपायला जागा, प्यायला पाणी आणि खायला भटकी कुत्री, डुकरे हे सगळे इथे एकाच ठिकाणी मिळते. त्यामुळे कॅम्प, भगूर आणि दारणाकाठच्या गावांना बिबट्या नवा नाही. २०२० मध्ये मात्र हिंगणवेढे, दोनवाडे, बाभळेश्वर या पट्ट्यात माणसांचे बळी गेले आणि सगळे खोरे भीतीने गोठले. वनविभागाने पिंजरे लावले, कॅमेरे बसवले, गावोगाव जागृती केली. तरीही वनविभाग काय करतो आणि काय करू शकत नाही, याबद्दलचे गैरसमज अजून टिकून आहेत. ते दूर करणे गरजेचे आहे, कारण बिबट्याच्या मुलखात वेळेवर मिळालेली खरी माहिती माणसाचा जीव वाचवते.

गैरसमज १ : वनविभागच बाहेरून बिबटे आणून इथे सोडतो.

वस्तुस्थिती : दारणाकाठचे बिबटे इथलेच आहेत. मादी उसातच पिल्ले घालते आणि ती पिल्ले शेतातच वाढतात. शेजारच्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात अकोले तालुक्यात वन्यजीव संशोधक डॉ. विद्या अत्रेय यांनी कॅमेरा ट्रॅप लावून अभ्यास केला, तेव्हा जंगल जवळजवळ नसलेल्या त्या शेतीच्या भागात दर १०० चौरस किलोमीटरमागे साधारण पाच प्रौढ बिबटे आढळले. त्यांच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा होता.

या गैरसमजाला एक खरा इतिहास मात्र आहे. २००१ ते २००३ या काळात जुन्नर वनविभागात मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून दुसरीकडे सोडले गेले. त्याआधी तिथे माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. स्थलांतराच्या मोहिमेनंतर ही सरासरी १७ वर गेली. अनोळखी मुलखात सोडलेला प्राणी बिथरतो आणि परत आपल्या जागेकडे निघतो. २००९ मध्ये माळशेज घाटात सोडलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचला, हे त्याच्या गळ्यातल्या रेडिओ कॉलरमुळे कळले. या अनुभवानंतर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०११ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. सरसकट पकडून लांब सोडण्यापेक्षा लोकांशी संवाद ठेवण्यावर त्यांत भर आहे.

गैरसमज २ : बिबट्या दिसला की पिंजरा लावलाच पाहिजे. वनविभाग टाळाटाळ करतो.

वस्तुस्थिती : बिबट्या वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत येतो. पिंजऱ्यात पकडणेसुद्धा या कायद्याच्या व्याख्येनुसार शिकारीत मोडते. त्यामुळे कलम ११ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते आणि तो प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाल्याचे कारण द्यावे लागते. नुसता रस्ता ओलांडताना दिसलेला बिबट्या या कारणात बसत नाही.

कायद्याखेरीज व्यवहारातले कारणही आहे. ठरलेल्या हद्दीत राहणारा, माणसाला टाळून जगणारा बिबट्या पकडला, तर ती मोकळी जागा दुसरा बिबट्या घेतो. तो कसा वागेल, हे कोणालाच ठाऊक नसते. माणसावर हल्ला झाला, तर मात्र पिंजरे, कॅमेरे आणि गस्त ही कारवाई झालीच पाहिजे, आणि तिची मागणी करणे हा गावाचा हक्क आहे.

गैरसमज ३ : कॅम्प लष्कराचा, तिथे वनविभागाचा संबंध नाही.

वस्तुस्थिती : वन्यजीव कायदा लष्करी हद्दीतही लागू आहे. देवळाली कॅम्पात बिबट्या आला, तर सुटकेची जबाबदारी नाशिक पश्चिम वनविभागाचीच असते. लष्करी क्षेत्रात शिरण्यासाठी त्यांना लष्कराच्या स्टेशन मुख्यालयाशी समन्वय साधावा लागतो, इतकाच फरक.

पण बिबट्या का येतो, याचे उत्तर वनविभागाच्या हातात नसते. उघड्यावर टाकलेले अन्न आणि मांसाचा कचरा कुत्र्यांना खेचतो आणि कुत्री बिबट्याला. कॅम्पाच्या हद्दीत कचरा आणि भटकी कुत्री हा विषय संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या कॅन्टोन्मेंट बोर्डाचा आहे. भगुरात तो नगरपरिषदेचा, देवळाली गावात नाशिक महानगरपालिकेचा आणि दारणाकाठी ग्रामपंचायतींचा. कॅम्पातल्या लॅम रोडवर मोटारीने काही मिनिटे गेले तरी हद्द बदलते. बिबट्याला या हद्दी माहीत नाहीत, म्हणून या सगळ्या संस्थांनी एकमेकांशी बोलणे भाग आहे. नागरिकानेही तक्रार योग्य दारी नेली पाहिजे : बिबट्याची वनविभागाकडे, कचऱ्याची स्थानिक संस्थेकडे.

गैरसमज ४ : कळवून उपयोग नाही, भरपाई मिळतच नाही.

वस्तुस्थिती : वनविभागाची टोल फ्री हेल्पलाइन १९२६ आहे. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस दगावला, तर राज्य शासन वारसांना २५ लाख रुपये देते. गाय, बैल, शेळी, मेंढी मारली गेली, तर बाजारभावाच्या ७५ टक्क्यांपर्यंत, ठरलेल्या कमाल मर्यादेत भरपाई मिळते.

बरीच प्रकरणे अडतात ती पहिल्या दोन दिवसांत. घटना ४८ तासांच्या आत वनविभागाला कळवावी लागते. पंचनामा होईपर्यंत मेलेले जनावर जागेवरून हलवायचे नसते. वनरक्षक ठसे, दातांच्या खुणा आणि जागा पाहून नोंद करतो, पशुवैद्यकीय अधिकारी दाखला देतो. घाबरून किंवा दुर्गंधी नको म्हणून जनावर पुरले, तर पुरावाही पुरला जातो. प्रत्येक गोठ्याच्या भिंतीवर हे नियम लिहिलेले असावेत, इतके ते महत्त्वाचे आहेत.

गैरसमज ५ : उसात पिल्ले सापडली, तर ती उचलून सुरक्षित जागी न्यावीत.

वस्तुस्थिती : ऊसतोडीच्या हंगामात पिल्ले सापडणे ही नाशिक जिल्ह्यात नेहमीची गोष्ट आहे. पिल्ले टाकून मादी गेलेली नसते, ती जवळपास लपलेली असते. पिल्ले नाहीशी झाली, तर ती चिडून तोच परिसर धुंडाळते आणि माणसांना धोका वाढतो. म्हणून तोड थांबवून १९२६ वर कळवायचे. वनविभाग आणि त्याच्यासोबत काम करणाऱ्या संस्था पिल्लांची तपासणी करून संध्याकाळी त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात आणि कॅमेऱ्याने लांबून लक्ष ठेवतात. बहुतेक वेळा रात्री मादी येते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते.

गैरसमज ६ : व्हिडिओ पुढे पाठवला की लोक सावध होतात.

वस्तुस्थिती : बऱ्याचदा उलटे घडते. जुना किंवा दुसऱ्याच राज्यातला व्हिडिओ ‘आत्ता, देवळाली कॅम्प’ अशा ओळीने फिरतो. आता तर संगणकाने बनवलेली चित्रेही त्यात मिसळली आहेत. खोट्या खबरींमागे धावताना वनविभागाची मोजकी माणसे खऱ्या जागी उशिरा पोहोचतात. खबर खरी असेल, तर बघ्यांची गर्दी जमते. जानेवारी २०१९ मध्ये नाशिकच्या सावरकरनगरात शिरलेल्या बिबट्याने गर्दीत एका नगरसेवकासह पत्रकारांनाही जखमी केले. कोंडलेला बिबट्या सुटायला वाट शोधतो आणि ती वाट माणसांतून जाते. व्हिडिओ मिळाला तर जागा आणि वेळ विचारा, वनविभागाला कळवा, आणि खात्री होईपर्यंत तो पुढे पाठवू नका.

गैरसमज ७ : संवाद म्हणजे वनविभागाने सूचना लावायची आणि लोकांनी पाळायची.

वस्तुस्थिती : मुंबईत २००२ ते २००४ या काळात संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवती बिबट्याच्या हल्ल्यांत अनेक जीव गेले. पुढे २०११ पासून उद्यानाच्या अधिकाऱ्यांनी संशोधक, पोलीस, महापालिका, पत्रकार आणि सोसायट्यांतील रहिवासी यांना एकत्र बसवले. कचरा कुठे साठतो, मुले कुठून एकटी जातात, दिवे कुठे नाहीत, हे रहिवाशांनी सांगितले आणि अधिकाऱ्यांनी ऐकले. वृत्तपत्रांची भाषाही हळूहळू बदलली.

देवळाली कॅम्पाला हाच धडा घेता येईल. इथे वनविभागाने अजून बरेच करायला हवे. पिंजरा का लावला किंवा का नाही लावला, पकडलेल्या बिबट्याचे पुढे काय झाले, हे गावाला सोप्या मराठीत सांगितले पाहिजे. ते सांगितले नाही, तर ‘इथेच सोडला असेल’ ही शंका उरतेच. ग्रामसभेतल्या बैठकीला बहुतेकदा शेतमालक येतात. उसाच्या बांधावर कोपी (झोपडी) टाकून राहणारे ऊसतोड कामगार आणि उघड्यावर झोपणारी त्यांची मुले तिथे नसतात, आणि सर्वांत मोठा धोका त्यांनाच असतो. हंगाम सुरू होताच वनरक्षकाने मुकादमाला भेटून प्रत्येक कोपीपर्यंत पोहोचले पाहिजे. कारखान्यांनी आणि बागायतदारांनी त्यांच्यासाठी उजेडाची, बंदिस्त निवाऱ्याची आणि शौचालयाची सोय केली पाहिजे.

आपल्या वाट्याची कामे थोडी आहेत, पण ती रोजची आहेत. १९२६ हा क्रमांक आजच फोनमध्ये साठवा. सांजवेळी मुलांना एकटे बाहेर सोडू नका. रात्री शेतात जाताना सोबत, बॅटरी आणि मोठ्याने बोलणे असू द्या. गोठा बंदिस्त करा. अन्नाचा कचरा उघड्यावर टाकू नका आणि कोणी टाकत असेल, तर बोर्डाकडे किंवा पालिकेकडे लेखी तक्रार करा. आणि वनविभागाची बैठक तुमच्या गल्लीत, गावात लागेल, तेव्हा जा, प्रश्न विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.