जुन्या एसएमपीएसच्या पोटात

कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडा आणि भिंतीतली वायर जिथे येऊन घुसते तिकडे बघा. चार स्क्रूंनी आवळलेला पत्र्याचा एक डबा दिसेल. १५० मिलिमीटर रुंद, ८६ मिलिमीटर उंच. इंटेलने एटीएक्स हे मानक आणलं ते १९९५ साली. त्या वेळच्या पेंटियम प्रोसेसरमध्ये ट्रान्झिस्टर होते ३० लाखांहून थोडे अधिक. आज ते अब्जांत मोजतात. फ्लॉपी गेली, सीडी गेली, फिरणाऱ्या डिस्कही चालल्या आहेत. पण त्या डब्याची रुंदी-उंची आणि ती चार भोकं जागची हललेली नाहीत!

म्हणूनच मोह होतो. मदरबोर्ड नवा, प्रोसेसर नवा, ग्राफिक्स कार्ड नवं. डबा तर अजून चालतोय, बसतोयही नेमका, मग तो कशाला बदलायचा? लॅमिंग्टन रोडच्या दुकानात हा डबा मागायचा तर आपण त्याला एसएमपीएस म्हणतो, म्हणजे स्विच्ड मोड पॉवर सप्लाय. या नावातल्या ‘स्विच्ड’ शब्दातच सगळी जादू आहे. चला, डबा उघडू. मात्र मनातल्या मनात. खरोखर उघडू नका, कारण वायर काढल्यावरही आतला मोठा कपॅसिटर काही काळ जीवघेणा भार धरून असतो.

भिंतीतून येते २३० व्होल्टची वीज, सेकंदाला ५० आवर्तनं करणारी. म्हणजे तिचा दाब सेकंदातून १०० वेळा शून्यावर येतो. डबा तिला आधी एकाच दिशेने वाहायला लावतो आणि कपॅसिटरमध्ये साठवतो. आता तिथे सुमारे ३२५ व्होल्टचा सरळ, शांत दाब आहे. कॉम्प्युटरला हवेत १२ व्होल्ट. तर पुढची पायरी काय असेल? इथे डबा एक विलक्षण गोष्ट करतो. नुकत्याच सरळ केलेल्या या विजेचे तो पुन्हा तुकडे करतो, तेही सेकंदाला लाखाच्या घरात!

हा उपद्व्याप कशासाठी? हौद रिकामा करायचाय असं समजा. मिनिटाला एकच खेप करणार असाल तर घंगाळ लागेल. पण सेकंदाला हजार खेपा करता आल्या तर? चमचा पुरेल. ट्रान्सफॉर्मर हे ते भांडं. प्रत्येक आवर्तनात तो थोडी ऊर्जा पलीकडे पोचवतो. सेकंदाला ५० खेपा करणारा ट्रान्सफॉर्मर किती जड असतो ते घरातला जुना स्टॅबिलायझर उचलून पाहा. एसएमपीएसमधला मात्र मुठीत मावतो आणि काही शे वॅट सहज वाहतो. १९७७च्या ॲपल टूसाठी रॉड होल्ट यांनी हीच युक्ती वापरली. डबा इतका थंड राहिला की पंखाच लागला नाही.

आणखी एक जागा अशी आहे की तिथे मी दर वेळी थबकतो. भिंतीकडची धोक्याची बाजू आणि कॉम्प्युटरकडची सुरक्षित बाजू यांच्यात वीज नेणारी एकही तार नसते. ऊर्जा पलीकडे जाते ती चुंबकत्वावर स्वार होऊन. पण ‘१२ व्होल्टचे जरा कमी झाले, जोर वाढव’ हा निरोप उलट दिशेने कसा यायचा? प्रकाशाने! एका चिमुकल्या चिपमध्ये दिवा मंद-तेज होतो, समोरचा संवेदक ते पाहतो आणि तुकडे करण्याची लय बदलते. तुम्ही हे वाचताय त्या क्षणीही जगभरच्या असंख्य डब्यांत हे दिवे अंधारात समोरच्या संवेदकांना खुणावत आहेत.

मग जुन्या डब्याचं बिनसतं कुठे?

१९८१च्या आयबीएम पीसीचा अख्खा पुरवठा होता ६३.५ वॅटचा, एका जुन्या पिवळ्या बल्बएवढा. पुढे प्रोसेसर ५ आणि ३.३ व्होल्टवर पोसले जात. मग त्यांची भूक वाढली. १०० वॅट ५ व्होल्टने न्यायचे तर २० अँपिअर लागतात. १२ व्होल्टने न्यायचे तर सुमारे सव्वाआठ. तारेत वाया जाणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे दाब १२ केला की तीच तार जवळजवळ सहापट कमी तापते. म्हणून २००० साली पेंटियम ४च्या काळात प्रोसेसरसाठी १२ व्होल्टचा वेगळा चार पिनांचा कनेक्टर आला. आज जवळजवळ सगळी भूक १२ व्होल्टवरच भागते. मदरबोर्ड त्यांचे पुन्हा सव्वा-एक व्होल्ट करतो. त्या दाबाला १२० वॅट म्हणजे जवळजवळ १०० अँपिअर! घरातल्या एसीच्या एमसीबीवर १६ किंवा २० लिहिलेलं असतं. इथे नखाएवढ्या सिलिकॉनमध्ये त्याच्या पाचपट प्रवाह शिरतो.

आता जुन्या डब्यावरचं लेबल वाचा. मोठ्या अक्षरातले ४५० वॅट सोडून द्या, १२ व्होल्टचा रकाना बघा. तिथे १६ अँपिअर लिहिलं असेल तर हिशोब सरळ आहे: १९२ वॅट. बाकीची ताकद ५ आणि ३.३ व्होल्टसाठी राखून ठेवलीय आणि ती मागणारं आता फारसं कुणी उरलेलं नाही. साधा ऑफिसचा कॉम्प्युटर यावर खुशाल चालेल. ग्राफिक्स कार्ड लावलंत की गणित बदलतं. आरटीएक्स ४०९० एकटंच ४५० वॅटपर्यंत जातं, आणि अशी कार्डं क्षणार्धात सरासरीच्या दुप्पट ओढ घेतात. २०२२च्या एटीएक्स ३.० मानकात म्हणूनच लिहिलंय की डब्याने १०० मायक्रोसेकंद दुप्पट भार सोसलाच पाहिजे. जुन्या डब्याला ही अट कुणी घातलीच नव्हती. तो घाबरून बंद पडतो. गेम ऐन रंगात असताना स्क्रीन काळा होतो तो अनेकदा यामुळे.

दुसरा प्रश्न वयाचा. त्या मोठ्या कपॅसिटरच्या आत ॲल्युमिनियमची पातळ पट्टी आणि द्रवात भिजलेला कागद यांची गुंडाळी असते. पट्टीवरचा ऑक्साइडचा थर केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाएवढा, आणि शेकडो व्होल्ट अडवतो तो एवढासा थर! पण द्रव हळूहळू उडून जातो. तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. अकोल्या-नागपूरच्या मे महिन्यात टेबलाखाली कोंडलेल्या डब्याचं काय होत असेल?

चांगला डबा वीज गेल्यावरही पूर्ण भार १६-१७ मिलिसेकंद सांभाळतो. यूपीएस जागा होतो तो बहुधा याच्या आत. कपॅसिटर सुकला की ही मुदत घटते, वीज गेल्याबरोबर कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो आणि आपण निष्पाप यूपीएसची बॅटरी बदलून आणतो. हे घडत असेल तर आधी डब्याकडे संशयाने पाहा.

माझं मत सांगतो. डबा नावाजलेल्या बनावटीचा, पाच-सात वर्षांच्या आतला, १२ व्होल्टच्या रकान्यात तुमच्या गरजेहून बरीच जास्त ताकद असलेला असेल, तर निःशंक ठेवा. चांगली वस्तू उगाच ई-कचऱ्यात कशाला घालायची? दहा वर्षं ओलांडलेला असेल, किंवा मुळात कॅबिनेटबरोबर फुकट आलेला असेल, तर नव्या कार्डाच्या किमतीसमोर नव्या डब्याची किंमत पाहा आणि बदलून टाका.

बदलताना एकच सांभाळा. काही डब्यांच्या वायरी सुट्या होतात, आणि नवा डबा लावताना जुन्याच वायरी राहू द्याव्यात असं हमखास वाटतं. मदरबोर्डकडच्या टोकाला मानक आहे. डब्याकडच्या टोकाला नाही. कनेक्टर बसतो, पण ५ व्होल्टच्या जागी १२ येऊ शकतात आणि तुमच्या फोटोंची डिस्क एका क्षणात जळते. जुन्या डब्याच्या सगळ्या वायरी त्याच्याबरोबरच बाहेर काढा.