परतीची वाट

पुणे जिल्ह्याच्या पश्चिम कडेला, सह्याद्रीच्या माथ्यावर भीमाशंकरचे अरण्य आहे. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक म्हणून हे क्षेत्र साऱ्या भारतात विख्यात आहे. पुढे पंढरपुरी चंद्रभागा म्हणून जी वंदिली जाते, त्या भीमेचा उगमही येथलाच. १९८५ साली हे अरण्य अभयारण्य म्हणून घोषित झाले. यात्रेकरू बहुधा मोटारीने येतात. परंतु कोकणातील खांडस गावाहून पायी चढणाऱ्यास देवदर्शनाबरोबर आणखीही काही लाभते.

खांडसहून वर जाण्यास दोन वाटा आहेत. शिडीघाट जवळचा, पण उभ्या कड्याचा. अवघड जागी शिड्या लावलेल्या. गणेशघाट लांबचा, पण सोपा. पावसात कातळ निसरडा झाला की शिडीघाट जिवावर बेततो. अशा दिवसांत जाणता वाटसरू मुकाट्याने लांबची वाट धरतो आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही.

खरी परीक्षा होते ती वाट चुकल्यावर. रानात गुरांच्या आणि लाकूडफाट्याच्या पायवाटांचे जाळे असते. पावसाळ्यात कारवी पुरुषभर वाढते आणि दहा पावलांपलीकडचे दिसेनासे होते. चुकल्याची शंका मनात येते, तरी पाय थांबत नाहीत. इतके चाललो, ते फुकट कसे घालवावे, असे वाटते. मग कोणी सुचवतो की पाणी खालीच जाते, तेव्हा ओढ्याच्या कडेने उतरावे. युक्तिवाद बिनतोड भासतो. पण सह्याद्रीत तो घातक ठरतो. कारण येथला ओढा पुष्कळदा कड्याशी येऊन थेट दरीत उडी घेतो. पाण्याला ती उडी साधते, माणसाला साधत नाही.

अनुभवी मनुष्य शंका येताच थांबतो. घटकाभर बसतो, पाणी पितो. चालताना स्वतःच्याच पावलांनी झाकलेले आवाज आता कानी येतात: दूरच्या गुरांच्या घंटा, क्वचित झाडाच्या शेंड्यावरून शेकराची कर्कश हाक. मन स्थिरावते. मग तो ज्या खुणेपर्यंत वाट निश्चित होती, त्या खुणेकडे उलट पावली जातो. झाडांखाली अंधार लवकर पडतो, म्हणून हा निर्णय दिवस असतानाच घ्यावा लागतो.

संसारातही माणसे अशीच चुकतात. तोट्यातला व्यवहार आजवर घातलेल्या पैशासाठी चालू ठेवला जातो. रागात उच्चारलेल्या एका शब्दासाठी भाऊबंदकी पिढ्यान्‌पिढ्या जोपासली जाते. पहिल्या शंभर पावलांत परतणे सोपे असते. पुढे प्रत्येक पाऊल परतीचे अंतर वाढवते आणि अभिमान त्याहूनही अधिक. अरण्यात मात्र अभिमानाला कोणी साक्षीदार नसतो. तेथे माणूस निमूटपणे मागे वळतो, ओळखीच्या खुणेशी येतो आणि तेथून पुन्हा चालू लागतो.