जुन्या गाडीला नवे हेडर: बसवावे की न बसवावे?

आमच्या नागपूरच्या घरी पोर्चमध्ये सासऱ्यांची १९७२ सालची अॅम्बॅसिडर मार्क-टू उभी आहे. महिन्यातून दोन-तीनदाच ती बाहेर निघते. गेल्या हिवाळ्यात सकाळी गाडी सुरू केली की बॉनेटखालून टक्-टक् असा आवाज येऊ लागला. इंजिन तापले की आवाज कमी होई. आमच्या जुन्या मिस्त्रींनी नुसता कान लावला आणि म्हणाले, "मॅनिफोल्डला तडा गेलाय, वहिनी. लोखंड तापून फुगलं की फट मिटते, म्हणून आवाज थांबतो."

इथपर्यंत सगळे सरळ होते. पण इंजिनिअरिंगला असलेला पुतण्या मध्येच म्हणाला, "काकू, जुना मॅनिफोल्ड काढावाच लागणार ना? मग त्या जागी हेडरच बसवू या. पिकअप बघा कसा येतो ते!" यांच्याही डोळ्यांत चमक दिसली. सासूबाई मात्र म्हणाल्या, "ह्यांची गाडी आहे ती. तिचा आवाज बदलू नका."

एका सुट्या भागावरून घरात दोन तट पडले. मग मी दोन आठवडे मिस्त्री, जुन्या गाड्यांचे शौकीन आणि पुतण्याची पुस्तके, सर्वांच्या मागे लागले.

इंजिनात पेट्रोल जळून तयार होणारा वायू चार सिलिंडरमधून बाहेर पडतो. तो एकत्र करून सायलेन्सरच्या नळीकडे नेणारा बिडाचा जाड ओतीव भाग म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. हेडरमध्ये त्याऐवजी पोलादी नळ्या असतात, वेगवेगळ्या लांब जाऊन पुढे एकत्र मिळणाऱ्या. रेल्वेच्या पुलावर दोन फलाटांची गर्दी एकदमच चढली की धक्काबुक्की होते, तसे आखूड मॅनिफोल्डमध्ये एका सिलिंडरचा वायू दुसऱ्याच्या वाटेत येतो. नळ्या लांब आणि वेगळ्या ठेवल्या की ही अडचण टळते. शिवाय वेगाने गेलेला वायू मागे कमी दाब सोडून जातो आणि पुढच्या सिलिंडरमधला उरलासुरला धूरही ओढून घेतो. कल्पना खरोखर सुंदर आहे, आणि शर्यतीच्या गाड्यांत ती कामही करते. पण हा फायदा नळ्यांच्या लांबी-रुंदीप्रमाणे इंजिनाच्या ठरावीक फेऱ्यांपुरताच मिळतो.

आता आमच्या गाडीचे पाहा. अॅम्बॅसिडर ही मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. तिचे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिनही तिथल्याच बीएमसी कंपनीच्या 'बी-सीरीज' घराण्यातले. या इंजिनाची एक गंमत आहे. सिलिंडर चार, पण धूर बाहेर पडण्याची दारे तीनच! मधल्या दोन सिलिंडरना एकच दार आहे. म्हणजे नळ्याही तीनच बसणार. दुकानदार 'चार नळ्यांचे हेडर' म्हणू लागला तर तो दुसऱ्याच गाडीबद्दल बोलतो आहे, हे ओळखावे. मधल्या दोघांची पाळीही एकापाठोपाठ येत नाही. ठिणगी १-३-४-२ या क्रमाने पडते, त्यामुळे दोन आणि तीन नंबर एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. हेडर जी भांडणे सोडवते, त्यातली काही इथे मुळात होतच नाहीत. याच घराण्याचे १७९८ सीसीचे इंजिन ब्रिटनच्या एमजीबी या स्पोर्ट्स कारमध्ये होते. तिचे जाणकार मालकसुद्धा सांगतात, की कंपनीचा बिडाचा मॅनिफोल्ड इतका चांगला आहे की साध्या वापरात हेडरने फारसा फरक पडत नाही. अॅम्बॅसिडरचा मॅनिफोल्ड तितका मोकळा नाही हे खरे, पण तिच्याकडून कोण तशा फेऱ्या मागतो? कार्ब्युरेटर आणि कॅमशाफ्ट जुनेच असतील, तर आत येणारी हवा तेवढीच राहते. मागचे दार रुंद करून घरात पाहुणे वाढत नाहीत.

मला सर्वांत पटला तो उष्णतेचा मुद्दा, कारण तो स्वयंपाकघरातला आहे. बिडाचा तवा हळूहळू तापतो आणि धग धरून ठेवतो. पातळ पत्र्याचे भांडे लगेच तापते आणि आजूबाजूला झळ मारते. हेडरच्या नळ्यांचे तसेच आहे. या इंजिनात कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत. नागपूरच्या मे महिन्यात नळ्यांची झळ कार्ब्युरेटरला आणि पेट्रोलच्या नळीला लागली, तर पेट्रोलची वाफ होऊन गाडी चिखलदऱ्याच्या घाटात बंद पडायची. नळ्यांना उष्णतारोधक पट्टी गुंडाळतात, पण ती ओल धरते आणि आतून गंज चढतो. उलट थंडीच्या सकाळी बिडाची हीच ऊब शेजारच्या इनटेकला मिळते आणि गाडी लवकर सुरळीत चालते. दिल्ली-सिमल्याकडच्या वाचकांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

मिश्रणाचा प्रश्न वेगळाच. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्यामुळे जुन्या कार्ब्युरेटरचे मिश्रण आधीच थोडे 'पातळ' झालेले असते. हेडर लावल्यावर ते आणखी पातळ होऊ शकते, म्हणून जेट बदलून पुन्हा ट्यूनिंग करावे लागते. हा खर्च हेडरच्या किमतीत कोणी सांगत नाही.

यांचे मन वळले ते मात्र कायद्याने. आवाज वाढला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्याहून महत्त्वाचा २०२१ चा व्हिंटेज नियम. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. पण ती मूळ रूपात हवी आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात बदल केलेला नको. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही, म्हणून आम्ही अजून ठरवलेले नाही. पण पुढे नोंदणी करायची झालीच, तर बॉनेट उघडल्याबरोबर चमकत्या नळ्या दिसाव्यात, हे यांना नको वाटले.

निर्णय लांबवणे मात्र धोक्याचे होते. फुटक्या मॅनिफोल्डमधून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो डॅशबोर्डच्या फटींतून आत शिरू शकतो. मागच्या सीटवर आजी आणि नातवंडे बसणार असतील तर तडा गेलेली गाडी काढूच नये. आम्ही दोन महिने ती हलवली नाही. मिस्त्रींनी वेल्डिंगलाही नकार दिला. बिडाला वेल्डिंग नीट धरत नाही आणि थोड्याच दिवसांत शेजारी दुसरा तडा जातो, असा त्यांचा अनुभव.

उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ साली थांबला, तरी जुने भाग अजून सापडतात. कोलकात्याचा मल्लिक बाजार, दिल्लीचे मायापुरी, चेन्नईचे पुदुपेट या जागा शौकिनांना तोंडपाठ आहेत. नाहीच मिळाला, किंवा इंजिनच नव्याने बांधून रॅलीत पळवायचे असेल, तर हेडर जरूर बसवावे. मात्र काढलेला मॅनिफोल्ड तेल लावून माळ्यावर जपून ठेवावा आणि नळ्या स्पीडब्रेकरला घासत नाहीत ना हे आधी पाहावे.

आमचा मॅनिफोल्ड मल्लिक बाजारातून आला, पोत्यात गुंडाळून. मिस्त्रींनी त्याचे तोंड मशिनवर सपाट करून घेतले आणि नवे गॅस्केट घातले. जुना काढताना एक गंजका स्टड मोडलाच, त्यात एक दिवस गेला. संध्याकाळी गाडी सुरू केली तेव्हा सासूबाई पोर्चच्या पायरीवर येऊन बसल्या होत्या. थोडा वेळ ऐकून त्या आत गेल्या आणि चहा टाकला. पुतण्याने हेडरच्या जाहिरातीचे कात्रण फ्रिजवर चिकटवले आहे. ते अजून तिथेच आहे.