किडझो, कुपनं आणि दिवाळीतला माझा गल्ला

घाटकोपरच्या आर सिटी मॉलमध्ये २०१३ साली किडझानिया सुरू झालं. मुलं तिथे डॉक्टर, फायरमन बनतात, पगार 'किडझो'त घेतात. काही खेळांना उलट किडझो मोजावे लागतात, आणि ते फार गरजेचं आहे. कुठल्याही रोल-प्ले खेळात नोटा वाटणं सोपं असतं, पण त्या परत येण्याची वाट अरुंद असली की जुन्या खेळाडूंकडे थप्प्या साचतात. मग आयोजक भाव चढवतो आणि नवीन आलेल्याला काहीच परवडत नाही.

मी दुकानात हेच करून बसलो! प्रत्येक बिलावर कुपन, मुदत टाकलीच नाही. ऐन दिवाळीत सगळी एकदम आली. माल गेला, गल्ल्यात मात्र कागदच. आता वहीत दोन रकाने आहेत: किती वाटली, किती परत आली. मुदत साठ दिवस.